जादा दिव्यांची जोडणी

शनिवारी सकाळी शेजारचा दुकानदार नंदकुमार पिठाच्या गिरणीतून धावत आला, तेव्हा लवू एका टेम्पोखाली उताणा पडून सेल्फ-स्टार्टर काढत होता. दुकानांच्या त्या रांगेत फोन होता तो फक्त गिरणीत.

"लवू, बाहेर ये."

"दोन बोल्ट राहिलेत रे, थांब जरा."

"बोल्ट राहू देत. बाहेर ये आधी."

घाटाखालच्या पोलीस चौकीतून फोन आला होता. पहाटे जीप वळणावर सरळ गेली आणि उलटली. मेहुणा विद्याधर पाय मोडून वाचला होता. लवूची बायको रत्नप्रभा जागीच गेली होती.

लवू बाहेर येऊन उभा राहिला होता. हाताला काळं ऑइल होतं, ते तो पँटला पुसत होता. मग त्याने विचारलं, "दिवे चालू होते का?"

"काय बोलतोस तू?" नंदकुमारने त्याला धरून बाकावर बसवलं. त्याला वाटलं, धक्क्याने माणूस भलतंच बोलतोय.

पण लवूचा प्रश्न भलता नव्हता.

रत्नप्रभाच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. तिथी शनिवारची. विद्याधर मुलुंडला राहायचा, तिथल्याच एका दगडखाणीवर सुपरवायझर होता. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप त्याने घेतली होती, चारही चाकं ओढणारी. त्याची बायको जानकी तयारीसाठी आधीच एसटीने गावी गेली होती. शुक्रवारी ड्यूटी संपवून बहिणीला घेऊन निघायचं आणि रात्रभर गाडी हाणायची, असा त्याचा बेत होता. आषाढातला घाट म्हणून पुढच्या बंपरवर दोन मोठे जादा दिवे हवे होते. विक्रोळीला हायवेच्या कडेला लवूचं वायरिंगचं दुकान असताना तो दुसरीकडे कुठे जाणार?

अडचण एवढीच, की दोघांमध्ये सहा वर्षं अबोला होता. एका लग्नाच्या पंगतीत विद्याधरने पाहुण्यांना ओळख करून दिली होती, "हे आमचे जावई. वायरी चिकटवतात." लोक हसले. लवू पान सोडून उठला, तेव्हापासून त्या घराची पायरी चढला नाही. सासूच्या श्राद्धालाही तो जाणार नव्हता. एकाचा निरोप दुसऱ्याला द्यायचं काम रत्नप्रभाकडे होतं, आणि ती ते बिनतक्रार करायची.

शुक्रवारीही तसंच झालं. विद्याधर जीप लावून रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिला. लवूने दिवे बसवले. काम साधं होतं. जादा दिव्यांना वीज थेट बॅटरीवरून द्यायची, वेगळ्या जाड वायरीने. मध्ये त्यांचा स्वतःचा फ्यूज आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारा जाड स्विच. मग डॅशबोर्डवरच्या बटणाला फक्त रिले चालू करायचा असतो, सगळा भार रिले घेतो. काही बिघडलं तर जादा दिवे तेवढे विझतात, गाडीचे मूळचे जळत राहतात.

रिले नेमका संपला होता. घाटकोपरचा दुकानदार म्हणाला, सोमवारी येईल.

लवूने जादा दिव्यांची वायर मूळच्या दिव्यांच्या वायरीलाच जोडली. त्या बारीक वायरीला दुप्पट भार झेपणार नव्हता, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? काम अर्धं आहे हे मेहुण्याला सांगायला हवं होतं. पण मग टपरीवर उभा असलेला तो माणूस पुन्हा हसला असता. लवूने बायकोला बाजूला घेतलं.

"तुझ्या दादाला सांग, नवे दिवे दहा मिनिटांच्या वर लावायचे नाहीत. मग थोडे थंड होऊ द्यायचे."

"का हो?"

"सांगितलं तेवढं सांग गं."

तेरावं झालं. त्यानंतरच्या रविवारी लवू मुलुंडला गेला. तिने निरोप दिला होता की नाही, एवढंच त्याला हवं होतं. विसरली असेल तर निदान तसं कळेल.

विद्याधर पलंगावर प्लॅस्टरमधला पाय पसरून बसला होता. लवू दाराजवळच्या खुर्चीवर टेकला. जानकी दोघांच्या मध्ये उभी होती.

"वहिनी, ह्यांना विचारा," लवू शेवटी जानकीला म्हणाला, "दिवे किती वेळ लावायचे, ते रत्नाने सांगितलं होतं का?"

जानकीने एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. "ती गेली, आता मी झाले का तुमची टपालपेटी? चार हातांवर बसलेत दोघं आणि..." ती आत चहा टाकायला गेली.

विद्याधर भिंतीकडे बघत बोलू लागला. "सांगितलं होतं ना. पनवेल सुटल्यापासून मनगटावरचं घड्याळ बघत बसलेली. दहा झाली की, दादा, बंद. मी म्हटलं, तू काय शाळेची घंटा आहेस का गं? तर म्हणते, घंटा तर घंटा, बंद कर."

"मग?" हा एक शब्द लवू सहा वर्षांनी थेट त्याच्याशी बोलला.

"मग घाटात धुकं उतरलं. समोरचा दगड दिसेना. दहा मिनिटं झाली, मी बटणाला हात घातला. तीच म्हणाली, राहू दे रे दादा. त्यांच्या हातचं काम आहे, काही होत नाही." विद्याधरने तोंडावरून हात फिरवला. "जळका वास आला आणि एकदम सगळे दिवे गेले. मूळचेसुद्धा. आणि समोर वळण होतं. मी ऐकायला नको होतं तिचं. तू सांगून पाठवलेलंस. माझ्यामुळे गेली रे ती, लवू."

लवू उठून उभा राहिला. रिलेचं सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात जानकी चहा घेऊन बाहेर आली, नवऱ्याला रडताना बघून तिने ट्रे खाली ठेवला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"धुकं होतं," लवू म्हणाला. "धुक्यात माणूस काय करणार."

आणि तो पुन्हा खुर्चीवर बसला. चहा प्यायला.

त्याला आता वर्ष होत आलं. रिलेशिवाय जादा दिव्यांचं काम लवू घेत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. दोघं आता सरळ बोलतात. विद्याधर काठी टेकत चालतो, एखाद्या रविवारी विक्रोळीला येतो, दुकानातल्या बाकावर बसतो आणि इकडचं तिकडचं झालं की पुन्हा त्याच गोष्टीवर येतो. "दहा मिनिटं झाली तेव्हाच बंद करायला हवे होते मी." त्याने गाडी चालवणं सोडलंय. जानकी म्हणते, ते नीट झोपत नाहीत.

लवू ऐकून घेतो. रिले बसवलाच नव्हता, हे त्याने विद्याधरला अजून सांगितलेलं नाही.