बोयाच्या पलीकडे

ते बंदराचे पायलट होते. पायलट म्हटलं की शेजारी आभाळाकडे बघत. मग समजावून सांगावं लागे, की परक्या जहाजाला इथलं पाणी कुठे खोल, कुठे उथळ हे ठाऊक नसतं. म्हणून इथला माणूस चढून ते आत आणतो, बाहेर नेतो. बाहेर म्हणजे शेवटच्या तरंगत्या बोयापर्यंत. तिथे दोरशिडीने छोट्या बोटीत उतरायचं आणि जेवायला घरी. अशा रीतीने त्यांनी जगभरची जहाजं चालवली आणि कुठेही गेले नाहीत.

यामागे एक गुपित होतं. साहेबांना बोट लागायची. बोयाच्या आत पाणी शहाण्यासारखं वागे. पलीकडे लाटा सुरू झाल्या की पोट वर यायचं. समुद्राचा पगार खाणाऱ्याचं असं व्हावं, म्हणजे दंतवैद्याला तोंड बघवू नये, तशातली गत.

बायकोचं लग्नापासून एकच मागणं होतं: एकदा जोडीने जहाजातून जाऊ. दरवेळी ड्यूटी आड यायची, नाहीतर हवामान, नाहीतर गुडघा. ते निवृत्त झाले आणि लेकीला पलीकडच्या मोठ्या बंदरात नोकरी लागली, तेव्हा बायकोने परस्पर दोन तिकिटं काढली. आलात तर खिडकी तुमची, नाही आलात तर तिथे पिशव्या ठेवीन, एवढंच म्हणाली.

जहाज बाहेर न्यायला त्यांचाच जुना चेला चढला होता. बोयापाशी वेग मंदावला, आणि साहेबांचे पाय सवयीने उठले. "आलोच," म्हणून ते थेट बाजूच्या दाराशी. शिडी सोडलेली होती, खाली बोट उभी होती, आणि पहिली लाट पोटापर्यंत पोहोचली होती.

चेल्याने शिडीवर पाय ठेवून हळूच विचारलं, "सर, येताय? कुणी काही विचारणार नाही."

म्हणजे सगळ्या खात्याला ठाऊक होतं. मान राखून कोणी बोललं नव्हतं, इतकंच.

त्यांनी वळून पाहिलं. काचेआड बायको मांडीवर पिशव्या घेऊन अवघडून बसली होती. खिडकीची जागा रिकामीच ठेवलेली. दाराकडे ती बघत नव्हती. अगदी ठरवून बघत नव्हती.

"तू जा," ते म्हणाले. "माझं माणूस वर आहे."

जागेवर येऊन बसले आणि थोड्याच वेळात पोटाने दगा दिला. बायकोने उघडून तयार ठेवलेली पिशवी पुढे धरली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

"तुला ठाऊक होतं?"

"मग? वादळी दिवसांतले शर्ट काय बंदरखातं धूत होतं?"

"कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर आज आला असतात?"

त्यांनी डोळे मिटून तिच्या खांद्यावर मान टाकली. एवढ्या लोकांत, लग्नानंतर पहिल्यांदाच.

"काय दिसतंय?"

"पाणी."

"आणि?"

"आणखी पाणी. पडून राहा तुम्ही. मी बघतेय."