उसना पोरगा

"साहेब, तुमच्या लोकांनी माझा पोरगा उचलून नाही नेला, उसना मागून नेला! लग्नघरचे लोक शेजाऱ्याची सतरंजी नेतात ना, तसा. परत आणून देतो म्हनले. अन् आता म्हनतात, मावशी, सतरंजी तुमची नाहीच. तुमाले हे सगळं मालूम आहे. मालूम असून तुम्ही एसीत बसून राहिले!"

रुक्मा पोलिसांच्या मोठ्या कार्यालयाच्या काचेला तोंड लावून ओरडत होती. काच काळी होती. आत कोण बसलंय, ऐकतंय की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. फाटकावरचा संतरी धावत आला.

"अम्मा, साहब मीटिंग में हैं. और चिल्लाना है तो हिंदी में चिल्लाओ, समझ तो आए."

"मले मराठीत फसवलं," रुक्मा म्हणाली. "मी मराठीतच बोलीन."

संतऱ्याने तिला हाताला धरून रस्त्यावर आणून सोडलं. धक्का दिला नाही, तेवढीच त्याची मेहरबानी.

आणि फसवलं होतं ते खरोखर मराठीतच.

रुक्माचा नवरा आनंदराव भंडाऱ्याकडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, नोकरीला आला होता. आयुष्यभर भट्टीसमोर उभा राहिला, रिटायर झाला आणि दोन वर्षांत खोकून खोकून गेला. मरोद्यातलं क्वार्टर प्लांटचं. ते खाली करायची नोटीस दारावर तीनदा चिकटली, तीनदा रुक्माने पाणी लावून खरवडून काढली. जायचं कुठे? भंडाऱ्याला आता तिला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. एकुलता पोरगा शुभम दुसऱ्याची टेम्पो ट्रॅव्हलर चालवायचा, मैत्रीबागेला सहली न्यायचा, घरी आला की आईशी अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी बोलायचा.

श्रावणातल्या एका सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. साधा शर्ट, पायातले बूट त्याने उंबऱ्याबाहेर काढले. म्हणाला, "जयभीम मावशी. चहा भेटन का?"

तो पंजाबराव. ठाण्याचा टीआय, म्हणजे त्या ठाण्याचा मालकच म्हणा. त्याचा बाप काटोलहून येऊन प्लांटमध्ये क्लार्क झालेला. जातीने हे लोक वेगळे, देव वेगळे. पण पंजाबराव आत आला, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसला. शहरात पस्तीस वर्षं काढलेल्या बाईशी बँक हिंदीत बोलली होती, दवाखाना हिंदीत बोलला होता, नवऱ्याचं मढं ताब्यात देणाराही हिंदीतच बोलला होता. आज पहिल्यांदा एक साहेब, तोही पोलिसातला, तिच्या चुलीपाशी बसून म्हणत होता, "कायचा वास येऊन राहिला व मावशी? पाटोडीचा रस्सा? अरे बाप्पा, माझी माय गेल्यापासून खाल्ला नाही."

रुक्मा विरघळली. इथेच घात झाला. त्याने पैशाची लालूच दाखवली असती तर तिने त्याला झाडूने हाकललं असतं.

दोन पोळ्या रश्शात कुस्करून झाल्यावर तो कामाचं बोलला. काल संध्याकाळी सातच्या सुमारास रसमड्याच्या रस्त्यावर एका रोलिंग मिलवाल्याच्या पोराच्या गाडीखाली एक मजूर बाई आली. हिरा नावाची. मेली बिचारी.

"पोरगा कच्चा आहे, बाप घाबरला. लहानसा मामला आहे मावशी. हयगयीनं गाडी चालवल्याचं कलम लागते, एकशे सहा. जमानत ठाण्यातच. मंग तारखा पडत राहतात, पाच-सहा वर्षांत मामला सुटून जाते. गाडीवर एखादा लायसनवाला ड्रायवर दाखवा लागते, बस. सगळेच करतात हे."

"मंग आमच्याकडं कावून आले साहेब?"

"आपला मानूस पाहिजे ना. ज्याच्यावर भरोसा करता येईल असा." त्याने हात धुतले, हात पुसायला तिचाच पदर मागावा इतक्या लाडात आला. "अन् क्वार्टरचं टेन्शन सोडा. खाली करायले प्लांटची गाडी येते, पन फोर्स कोन देते? मीच देतो. मी नाही म्हनलं तर गाडी गेटाबाहेर निघत नाही."

शुभम आतून बाहेर आला. "मम्मी, होता है ये. अपने ट्रॅव्हल्सवाले दो लडकोंने किया है. काही नाही होत."

दुपारी मायलेक ठाण्यात गेले. शुभमने लिहून दिलं की गाडी मी चालवत होतो. रुक्माने लिहून दिलं की माझा पोरगा संध्याकाळी सहाला मिलवाल्याची गाडी घेऊन निघाला. खाली सही केली. शुभम जामिनावर त्याच संध्याकाळी घरी आला, आणि रुक्माने पंजाबरावसाठी डब्यात रस्सा पाठवला. पाठवला, काय लपवायचं!

आठवडाही गेला नाही. रस्त्याकाठच्या ढाब्याच्या कॅमेऱ्यातली चित्रफीत सगळ्या भिलाईच्या मोबाइलवर फिरायला लागली. गाडी हिराला धडकते. थांबते. हिरा उठायला बघते, एक हात वर करते. मग गाडी मागे येते. तिच्यावरून मागे येते, पुन्हा पुढे जाते आणि निघून जाते. आत कोण आहे ते दिसत नाही.

मजुरांनी रसमड्याचा चौक बंद पाडला. वरून फोन आले. एकशे सहाचं कलम फाडून खुनाचं लावलं आणि खुनी कोण? कागदावर होता तो. शुभमला अंगणातून, ब्रश तोंडात असताना नेलं. दुर्गच्या तुरुंगात.

रुक्मा ठाण्यात धावली. पंजाबराव आता वर्दीत होता, टेबलावर काकडी कापून खात होता. समोर उभे असलेले शिपाई छत्तीसगढी, त्यांना यांचं बोलणं समजत नव्हतं. त्याचाही त्याला फायदाच.

"साहेब, गाडी मांग घेतली त्यानं. मुद्दाम घेतली. तुमाले मालूम होतं?"

पंजाबरावने काकडीला मीठ लावलं.

"मावशी, मालूम नसतं तर मी तुमच्या घरी कावून आलो असतो? साध्या अपघातासाठी मिलवाल्यानं स्वतःचा ड्रायवर दिला नसता का? त्याच्याकडं चार आहेत."

"तुमी माझ्या घरी जेवले."

"अन् चांगलं जेवलो." तो हसला. "आता ध्यान देऊन ऐका. पोरगा नव्हता म्हनाल तर तुमची सही खोटी. खोट्या सहीचा गुन्हा तुमच्यावर, अन् पोरगा तरी सुटनार नाही. मायलेक दोघं आत, क्वार्टर खाली. घरी जा."

माणूस इतका निर्लज्ज असतो कुठे? असतो. खांद्यावर तारे लावून असतो, पंधरा ऑगस्टला सलामीही देतो.

ती घरी गेली. चूल पेटवली नाही. तोंड उघडलं नाही. भ्यायलीच होती, दुसरं काय? भीतीला काही लोक सहनशीलता म्हणतात, पण ती भीतीच असते.

मग कोर्टाची तारीख आली. पायऱ्यांवर एक वाळका माणूस बसला होता, हातात शुभमच्या बातमीचं कात्रण. हिराचा नवरा. कोणीतरी त्याला रुक्मा दाखवली. तो उठून आला. रुक्माला वाटलं, आता हा थुंकणार. थुंकला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, आणि तेही आईला विचारावं तसं.

"तोर बेटा ह गाडी ला पाछू काबर करिस, दाई?"

तुझ्या पोरानं गाडी मागे का घेतली, माय?

शुभम त्या वेळी कुठे होता ते रुक्माला माहीत होतं, आणि तिला एकटीलाच नाही. चाळीस माणसांना माहीत होतं. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत वस्तीच्या विहारात रोज संध्याकाळी सात वाजता ग्रंथवाचन होतं, रोज नवा वाचणारा. त्या संध्याकाळी पाळी शुभमची होती. हिंदी शाळेत शिकलेला पोरगा, मराठी वाचताना ठेचकाळत होता. 'प्रज्ञा'ला 'प्रग्या' वाचलं तेव्हा शेजारची सुनिता तोंडाला पदर लावून हसली आणि तिचं बघून सगळ्या बायका हसल्या. शुभमही हसला होता.

ती विहाराचे अध्यक्ष धम्मपाल यांच्याकडे गेली. आनंदरावच्या खांद्याला खांदा लावून भट्टीवर काम केलेला माणूस.

"भाऊजी, कोर्टात चाला. फक्त एवढंच सांगा, त्या दिवशी तो वाचत होता."

धम्मपालांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, आश्विन पौर्णिमेला समारोप आहे. पाहुने म्हनून टीआय साहेबच येऊन राहिले. विहाराचं वॉल कंपाऊंड तेच बांधून देनार. अन् वस्तीतले किती पोरं गाड्या चालवतात, तुमाले तं मालूम आहे. उद्या एकेकाले उचललं तर?"

"म्हनजे माझा एक गेला तर चालते."

"तसं नाही म्हनलं मी."

"मंग कसं म्हनलं?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यानंतर ती मोठ्या कार्यालयाच्या काळ्या काचेशी गेली, आणि तिथे काय झालं ते आधी सांगितलंच.

आश्विन पौर्णिमा. विहार पांढऱ्या साड्यांनी भरलेला, बाहेर खिरीचं पातेलं. प्लांटकडे भट्टीतून निघालेली लोखंडाची तप्त मळी ओतली की आभाळ लाल होतं, तसं ते आत्ताही झालं होतं, खिडक्या लालसर दिसत होत्या. पहिल्या रांगेत पंजाबराव बसला होता. पांढरा सदरा, हात जोडलेले, डोळे मिटलेले. वंदना झाली. त्याचं भाषण झालं. "मी तुमच्याच घरचा पोरगा," असं तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवल्या!

मग नेहमीच्या रीतीप्रमाणे पावसाळाभर ज्यांनी ग्रंथ वाचला त्यांना धम्मपाल एकेक करून पुढे बोलवू लागले. नाव घ्यायचं, पाहुण्याच्या हातून फूल आणि पेन द्यायचा. म्हातारे आले, पोरी आल्या, सुनिताही जाऊन आली. शेवटचा पेन दिला गेला. धम्मपालांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आता खीर—"

"एक नाव राहिलं."

रुक्मा बायकांमधून उठली होती. ती पुढे येत होती तशी वाट होत गेली.

"मावशी, बसा," पंजाबराव हळू, गोड आवाजात म्हणाला. "तब्येत बरी नाही यांची. पोराच्या टेन्शनमुळं."

"तब्येत माझी एकदम बरी आहे." तिने धम्मपालांच्या हातातून माइक घेतला. त्यांनी सोडला. "मी खोटी सही केली. माझा पोरगा गाडीवर होता म्हनून लिहून देल्लं. या साहेबाले मी पाटोडी खाऊ घातली अन् पोरगा बी देऊन टाकला, कावून तं हा मराठी बोलला. खोट्या सहीसाठी मले जेलात टाका. मी तयार आहे."

पंजाबराव उठला. गोडवा उतरला होता. "उद्या सकाळी क्वार्टर खाली होईन तुमचं."

"उद्या काहाले?" तिने कंबरेची चावी सोडली आणि त्याच्यासमोर सतरंजीवर टाकली. "हे घ्या. तुमचं तुमाले. आता माझा पोरगा परत द्या."

दारात कोर्टाच्या पायऱ्यांवरचा तो वाळका माणूस उभा होता, चपला हातात धरून, आत यावं की नाही अशा विचारात. रुक्मानेच त्याला बोलावलं होतं. तिने माइक सुनिताकडे वळवला, मग धम्मपालांकडे, मग सगळ्या पांढऱ्या रांगांकडे.

"हा हिराचा मानूस. याची बायको ज्या घडीले गाडीखाली होती, त्या घडीले तुमी सगळे इथं बसून होते. सुनिता, तू हसली होती ना? खाली पाहू नको व, माझ्याकडं पाहा. भाऊजी, पानी तुमी देल्लं ना वाचनाऱ्याले, घसा सुकला म्हनून?"

बाहेर खीर करपल्याचा वास यायला लागला.

"याले उत्तर पाहिजे. मले बी पाहिजे. एवढंच सांगा अन् मंग खीर खा. त्या संध्याकाळी इथं उभं राहून ग्रंथ कोनं वाचला?"