कादंबरीच्या अंगावरची हळद

ओवे गावात निकेशची हळद होती. निकेश विनिताच्या नवऱ्याचा, प्रितेशचा, चुलतभाऊ. म्हणून विनिता, प्रितेश आणि सहा वर्षांची कादंबरी सकाळीच कळंबोलीहून आली होती. कादंबरी तान्ही असताना दत्तक संस्थेतून घरी आलेली. जन्म देणारा बाप आफ्रिकेतला होता, एवढंच संस्थेने सांगितलं होतं. रंग गर्द काळा, केस बारीक कुरळे आणि आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा.

दुपारी पोरांनी विनिताला घेरलं.

"मामी, कादंबरी तुझ्या पोटातून नाय आली?" नणंद हेतलचा मुलगा मितेश विचारत होता.

"नाही. दुसऱ्या आईच्या पोटातून आली. मग आमच्याकडे."

"ती आई कुठं हाय?"

"मला माहीत नाही."

"तिला हिची आठवण येते?"

"येत असेल."

एका पोरीने कादंबरीच्या केसांत बोटं घातली. "विचारून हात लाव," कादंबरी म्हणाली. पोरीने विचारलं आणि पुन्हा लावला.

असल्या प्रश्नांचा विनिताला कधी कंटाळा येत नसे. पोरं विचारतात, उत्तर मिळालं की खेळायला पळतात. मितेशही पळाला, पण आईकडे जाऊन लगेच परत आला.

"मामी, हिला परत कधी देणार?"

विनिताने मान वळवून पाहिलं. खांबाशी हेतल पदर तोंडाला लावून हसत होती.

"कधीच नाही. तू तुझ्या मम्मीचा, तशी ती माझी."

पोराचं समाधान झालं. विनिताला मात्र किळस आली. जेवताना घासात झुरळ निघावं, तसं.

मग बायका एकमेकींना हळद फासू लागल्या. सासूने हाक मारली म्हणून विनिता आत गेली. बाहेर येऊन बघते तर हेतलने कादंबरीला गुडघ्यांत धरलेलं. मुठीमुठीने हळद पोरीच्या गालांवर, मानेवर, दंडांवर चोळणं चाललेलं.

"थांब गो, अजून चोळू दे. बघू उजळते का!"

एकीने मोबाईल धरला होता. सगळ्या हसत होत्या. सगळे हसतात म्हणून डोळे मिटून कादंबरीही हसत होती. तिचं ते हसणं विनिताला बघवेना. शेजारी प्रितेश उभा होता, ओठांवर ओशाळं हसू घेऊन.

तिने पोरीला ओढून घेतलं. "तो व्हिडिओ काढून टाका."

"मस्करी हाय वहिनी. हळद लावली, डांबर नाय," हेतल म्हणाली.

"जाऊ दे ना," प्रितेश पुटपुटला. "घरात कार्य आहे."

त्याच्या ओठांवरचं ते हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. आपण या माणसाच्या ताटात जेवतो, या विचाराने तिला शिसारी आली.

मोरीत ती कादंबरीचं तोंड धूत होती. दारात मितेश येऊन उभा राहिला.

"मामी, ती गोरी होणार?"

"नाही. आणि व्हायला नको. ती आहे तशीच छान आहे."

"मग मम्मी का चोळत होती?"

विनिताच्या हातातला तांब्या थांबला. "हे मम्मीलाच विचार. सगळ्यांसमोर. मोठ्याने."

तो गेला आणि त्याने विचारलं. मांडवातलं हसू थांबलं, पाठोपाठ थप्पड वाजली आणि मितेशचं रडणं ऐकू आलं.

आता विनिताला स्वतःचीच किळस आली. हेतलने पोराच्या तोंडी शब्द घातले. आपण तरी दुसरं काय केलं? ती तशीच ओल्या हातांनी मांडवात गेली आणि त्याला जवळ घेतलं.

"तू विचारलंस ते बरोबर होतं," ती म्हणाली. "पण मी तुला पाठवायला नको होतं. मीच यायला हवं होतं." मग तिने हेतलकडे पाहिलं. "पोराला मारून काय होणार? उत्तर दे त्याला."

हेतल मान वळवून ताटं मांडू लागली.

विनिताने रिक्षा बोलावली. मान आणि दंड अजून पिवळेच असलेली कादंबरी आत बसली. प्रितेश चपला घालत मागोमाग आला. "मीपण येतो."

"तू थांब," ती म्हणाली. "ज्यांच्या ज्यांच्या फोनवर तो व्हिडिओ आहे, त्या सगळ्यांकडून तो पुसून घे. मग ये."