फिनलंडची तीन स्थळं

नांदेडच्या आनंदनगरातल्या विशाखाच्या घरी मंगळवारी दुपारी टेबलावर पुढील ऐवज होता: लॅपटॉप एक, चहाचे कप दोन, पेनं चार (चालणारं एक), अर्धापूरची केळी सात आणि शहरं तीन. शहरं लॅपटॉपच्या आत होती, पण सगळ्यात जास्त जागा त्यांनीच अडवली आहे असं विशाखाला सकाळपासून वाटत होतं.

फिनलंडमध्ये तिला ऑगस्टपासून चार वर्षांचं संशोधनाचं काम मिळालं होतं. तळ्यांच्या पाण्याचा अभ्यास. संस्थेची तीन गावांत तीन केंद्रं होती आणि तुम्हाला कुठे राहायला आवडेल ते शुक्रवारपर्यंत कळवा, असं पत्र आलं होतं. कळवलं नाही तर संस्था आपल्या सोयीने कुठेही नेमणार होती, आणि एकदा गाव ठरलं की चार वर्षं बदल नाही.

विशाखा एम.एस्सी. झालेली, मोजल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी मुलगी. तिने बारा रकान्यांचा तक्ता केला. घरभाडं, तापमान, डिसेंबरातला उजेड, तांदूळ मिळणारं दुकान किती लांब, असं सगळं. बेरीज आली एकाहत्तर, बहात्तर, एकाहत्तर. थोडे भारांक बदलून पाहिले, तर आली बहात्तर, एकाहत्तर, बहात्तर. एका गुणाच्या भरवशावर चार वर्षं लावायची तिची तयारी नव्हती. वडिलांना विचारलं तर आनंदराज पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुझं तू बघ." हे ते प्रेमानेच म्हणत, पण त्यावरून गाव ठरत नाही.

घर सोडून ती आजवर एकदाच राहिली होती. अकरावी-बारावीला अर्धा मराठवाडा लातूरला जातो, तशी तीही नागुआत्याकडे गेली होती. त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेने आलं. पहिला महिनाभर ती कोरड्या नळाखाली रिकामी बादली ठेवून रडली होती. पण तिथे निदान आत्या होती. या तीन गावांत रडायला लागलं तर बादली सरकवणारंही कुणी नव्हतं, आणि खरी भीती ती होती. तिच्यासाठी तेरावा रकाना काढता येत नव्हता.

तेवढ्यात आईच्या मोबाइलवर नागुआत्याचाच फोन आला. आई कणीक तिंबत होती, म्हणून विशाखाने उचलून स्पीकरवर टाकला.

"विशू, काय करून राहिलीस?"

"काही नाही आत्या, डोकं फिरलंय. तीन स्थळं आहेत, शुक्रवारपर्यंत एक पक्कं करून कळवायचंय, आणि तिन्ही सारखीच वाटतायत."

आता यात विशाखाचा दोष फारसा नव्हता. बिलोली तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यावर तिने दोन वर्षं काम केलं होतं, आणि ग्रामपंचायतींना द्यायच्या अहवालात प्रत्येक विहिरीला ‘स्थळ क्रमांक अमुक’ असंच लिहिलं होतं. स्थळ म्हणजे पाण्याची बाटली भरायची जागा, हाच अर्थ तिच्या डोक्यात बसला होता. नागुआत्याच्या डोक्यात मात्र या शब्दाचा एकच अर्थ होता आणि त्याला मुंडावळ्या होत्या.

"तीन?" आत्याचा आवाज एकदम खाली आला. "कुठली?"

"फिनलंडची."

"परदेशातली. आन् मला आत्ता सांगून राहिलीस व्हय. पयलं कुठलं?"

"ओउलू."

"उल्लू?"

"ओ-उ-लू."

"ऱ्हाऊ दे. दुसरं?"

"कुओपिओ."

मग आत्याने जपून विचारलं, "पितंय?"

"काय?"

"तूच म्हणून राहिली की, पिओ पिओ. पिणारं असंल तर तिथंच फुली मार. आपल्या घरानं एक बघितलाय, तेवढा बास झाला."

इथे विशाखाच्या डोक्यात प्रकाश पडला. एखाद्या सरळ मुलीने लगेच खुलासा केला असता. विशाखाने आईकडे पाहिलं. आईने कणकेचा हात तोंडावर धरला होता आणि डोळ्यांनी ‘थट्टा नको’ म्हणत होती. विशाखा खुर्चीत नीट मागे टेकून बसली.

"पिण्याचं नक्की सांगता येत नाही आत्या. चौकशी करावी लागेल. तिसरं योएन्सू."

"योगेन. नाव तर चांगलं हाय. माणसं लई हायत का?"

"तिघांत सगळ्यात कमी."

"मंग बरं. मोठ्या खटल्याच्या घरात पोरगी राबून मरती. रंगानं?"

"हिवाळ्यात पांढरंफेक. उन्हाळ्यात जरा उतरतं."

"उन्हात कुणाचं ऱ्हातंय. सोभाव?"

"थंड."

"थंड चांगला. आन् पाण्याची सोय?"

"दारातच नदी आहे, आत्या."

"सोयरीक जमायच्या आदी समदेच नदी हाय म्हणत्यात," लातूरची आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आईने कणकेवर ताट झाकलं. "विशू, आता हे निस्तरणार कोण?"

"उद्या फोन करून सांगते ना."

पण नागुआत्या उद्याच्या फोनसाठी थांबणारी बाई नव्हती. बुधवारी दुपारी ती एस.टी.तून उतरून, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि एक दिवसाचे कपडे घेऊन दारात उभी राहिली. पाय धुतले, पाणी प्यायली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "दाव फोटो."

विशाखाने योएन्सूचा दाखवला. पुढे नदी, मागे पूल, दोन्ही काठांवर बुटकी घरं. आत्याने चष्मा वरखाली केला. बोटांनी फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला.

"ह्यात नवरदेव कुठं हाय?"

"हेच आहे आत्या. स्थळ म्हणजे गाव. तिकडे चार वर्षांचं काम मिळालंय, मला राहायला गाव निवडायचंय."

आनंदराजांनी पेपर अंमळ वर धरला. आत्याने चष्मा काढून मिटून ठेवला.

"आसं," ती शेवटी म्हणाली. "उदगीरचं एक स्थळ मी काल न्हाई म्हून कळवलं. पोरीला परदेशातली तीन आलीत म्हणलं. बुद्धइहारातबी बायांना सांगितलं. आता तिथं जाऊन सांगू का, की बायांनो, ती गावं हायत?"

"चुकलं माझं," विशाखा म्हणाली. उदगीरचं परस्पर मिटलं याचा आनंद तिने चेहऱ्यावर येऊ दिला नाही, म्हणजे फारसा नाही.

"तुझं चुकलं ते मी नंतर बघते. शुक्रवारी एक पक्कं करायचंय, हे तरी खरं हाय का?"

"ते खरं आहे."

"मंग मी खोटं बोलले न्हाई. तीन स्थळं आली, त्यातलं एक पक्कं झालं. एवढंच सांगायचं. पक्कं तेवढं नीट करू. चौकशी काय काय केलीस?"

विशाखाने लॅपटॉप वळवून बारा रकाने दाखवले. ही माहिती कुठून आणली, असं आत्याने विचारलं. गावांच्या नगरपालिकांच्या वेबसाइटवरून, असं विशाखाने सांगितलं.

"म्हणजे पोरगा कसा हाय हे तू पोराच्या बापालाच इचारलंस."

पेपरामागून आनंदराज खोकले.

नागुआत्याने आयुष्यात भावकीतल्या पंधरा-वीस मुलींची स्थळं पाहिली होती, आणि त्या कामात तिची एक पद्धत होती. नवऱ्या मुलाच्या घरी पहिल्यांदा जायचंच नाही. न सांगता गावात उतरायचं आणि पिठाच्या गिरणीत नाहीतर न्हाव्याच्या दुकानात बसून सहज विषय काढायचा. तिथे जे कळेल ते खरं.

"गिरणी हाय का त्या गावात?"

गिरणी नव्हती. पण नकाशावर दुकानं होती आणि दुकानांचे फोन नंबरही होते. विशाखाने गुरुवारी दुपारी, तिकडे जेवणवेळ होत आली असताना, एकेक फोन लावायला घेतला. ती इंग्रजीत बोले, आत्या मराठीत प्रश्न सरकवी, आणि आई मध्ये बसून दोघींना चिमटे काढी.

ओउलूत एका किराणा दुकानदाराने फोन उचलला. मी तुमच्या गावात राहायला यायचा विचार करतेय, गाव कसं आहे, असं विशाखाने विचारलं. त्याने नम्रपणे सांगितलं की ही सगळी माहिती नगरपालिकेच्या वेबसाइटवर आहे, आणि आपला दिवस चांगला जावो.

"काय म्हणला?"

"बापाला विचारा म्हणाला."

"फुकट गेलं. फुडं चल."

कुओपिओत न्हावी मिळाला. तो मोठा बोलका होता. तळं सुंदर, मासे सुंदर, टेकडीवरचा मनोरा सुंदर, माणसं तर इतकी चांगली की काय सांगावं. आत्याने कोपराने ढोसलं, "खोड इचार." विशाखाने विचारलं. न्हाव्याने विचार करून सांगितलं की नाही, खोड अशी काही नाही.

"एकबी न्हाई?"

"एकही नाही म्हणतोय."

आत्याने मान हलवली. "निलंग्याकडं एकदा आसंच गाव भेटलं हुतं. ज्याला इचारावं तो म्हणायचा, पोरगा सोनं हाय. मागनं कळलं, गावालाच तो कसाबी करून उजवायचा हुता. ठेव फोन."

योएन्सूत सायकलदुरुस्तीचं दुकान सापडलं. फोन एका बाईने उचलला आणि आधी, माझा नंबर कुणी दिला, असं विचारलं. विशाखाने कारण सांगितलं. पलीकडून लांब उसासा आला.

"नोव्हेंबरात येऊ नका," ती बाई म्हणाली.

मग ती सांगत सुटली. नोव्हेंबरात बर्फावर पाऊस पडतो आणि पावसावर बर्फ. रस्त्यांचा गारेगार रबडा होतो. सूर्य रजेवर जातो आणि गावातली माणसं चिडकी होतात, ती स्वतः धरून. मागच्या वर्षी तिने एका गिऱ्हाइकाला सायकलसकट बाहेर काढलं होतं. डिसेंबरात बर्फ टणक झाला की सगळं ठीक होतं, पण नोव्हेंबर वाईट, हे कुणीही सांगणार नाही म्हणून मी सांगते, असं ती म्हणाली. आणि मग तिने विशाखाची उंची विचारली.

"उंची कशाला इचारून राहिली ती?" आत्या सावध झाली.

"ऑगस्टपर्यंत जुनी सायकल बाजूला काढून ठेवते म्हणतेय. बर्फावर न घसरणारे खिळ्यांचे टायर बसवून. फक्त उंची सांगा म्हणते."

"बघ," आत्या म्हणाली, "ही तर उलटी आपलीच पोरगी बघून राहिली."

विशाखाने उंची सांगितली, आभार मानले आणि फोन ठेवला. आत्याने पदर खोचला.

"पक्कं. योगेन."

"आत्या, एका बाईच्या बोलण्यावरून? हा नमुना फक्त एकाचा झाला."

"खोड आपणहून सांगितली का न्हाई? जे घर आपल्या तोंडानं खोड सांगतं, तिथं पोरगी द्यावी. बाकीच्या घरांची खोड मग तिला एकटीला हुडकावी लागती. तुझ्या बारा खणांनी काय सांगितलं?"

"बरोबरी."

"मंग."

विशाखाने तक्त्याकडे पाहिलं. तीन गावांबद्दल तिने बारा-बारा प्रश्न विचारले होते. तिच्याबद्दल उलट प्रश्न एकाच गावातून आला होता, आणि तो उंचीचा होता. तिने हा मुद्दा कोणत्या रकान्यात घालावा याचा थोडा विचार केला आणि मग तक्ताच बंद केला. उरलेलं एक केळं सोलून तिने पत्र लिहायला घेतलं.

शुक्रवारी सकाळी पत्र गेलं. आत्याने लातूरला फोन लावला आणि पलंगावर ऐसपैस मांडी घालून बसली.

"हाव, पक्कं झालं. योगेन. न्हाई, पिणारं हुतं ते आमी सोडलं. सोभावानं थंड हाय. नोव्हेंबरात जरा बिघडतंय, पर त्यांनी आदीच सांगितलं... लगीन? लगनाचं काय इतक्यात. पोरगी आदी चार वर्सं तिथं ऱ्हाऊन बघणार हाय."

आनंदराजांनी पेपर खाली ठेवला.

"अक्का," ते म्हणाले, "हे जरा जास्त झालं."

"तू तुझं बघ," नागुआत्या म्हणाली आणि तिने पुढचा नंबर लावला.

विशाखा ऑगस्टात गेली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लातूरहून आवाजी निरोप आला: लोकं इचारून राहिलीत, त्या बाईनं सांगितलेली खोड खरी निघाली का खोटी, नीट मोजून कळव. विशाखाने केंद्रावरून परतताना नदीच्या पुलाशी सायकल उभी केली, सॅकमधून स्टीलची पट्टी काढली आणि पुलाच्या अलीकडे, पुलावर आणि पुलाच्या पलीकडे, असा तीन ठिकाणी रस्त्यावरच्या रबड्याचा थर मोजला. सरासरी साडेपाच सेंटिमीटर. खोड खरी निघाली, असं तिने लातूरला कळवलं.