बटणाला बांधलेला काळा दोरा

मी एक जुना मापक आहे, मित्रांनो. सागवानी पेटी, तोंडाला काच, काचेआड काटा आणि खाली एक काळं बटण. एकोणीसशे एक्कावन्न सालच्या सुमारास आगबोटीतून रत्नागिरीला उतरलो आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर, लाँच दुरुस्तीच्या शेडमध्ये, कायमचा राहिलो.

खारं पाणी लाँचचा लोखंडी तळ खातं. ते खाऊ नये म्हणून तळाला बॅटरीचा बारीक करंट देऊन ठेवत. तो पुरतो की नाही, हे मी सांगायचं. माझी एक तार तळाला लागे, दुसरी काचेच्या नळीतून पाण्यात सुटे. काटा हिरव्या खुणेवर गेला की तळ सुखरूप, तांबड्यावर राहिला की धोका.

पण मधलं पाणी करंटला अडवतं ना! त्या अडवणुकीचा आकडा माझ्या आकड्यात मिसळतो आणि कुजणारा तळही धडधाकट दिसतो. तेवढं वजा करायला ते बटण. उन्हाळ्यात पाणी खारट, तेव्हा वजाबाकी थोडी. पावसाळ्यात खाडीला गोडं पाणी भरलं की बटण बरंच फिरवावं लागे. भागोजी मिस्त्री हे नेमाने करी. माझी काच पुसताना म्हणे, "ह्याच्यासारखा खरं बोलणारा बंदरात दुसरा नाय." मी फुलून जायचो, खोटं कशाला सांगू.

भागोजी मुंबईला गिरणीत गेला आणि मी धाकूच्या हाती आलो. धाकू कष्टाळू, पण भित्रा. बटण कशासाठी, हे त्याने कधी विचारलंच नाही. श्रावण लागला तेव्हा खुर्शीद तांडेलाच्या लाँचवर त्याने ते फिरवलं, तसा काटा हिरव्यावरून सरळ तांबड्यावर उतरला. लोखंड तेच, पाणी तेच, मग काटा ओढला कोणी? खाडीतला गिऱ्हा, ते पाण्यातलं भूत, माझ्यात शिरला असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने बटण शून्यावर आणून मंतरलेला काळा दोरा आवळून बांधला. काटा हिरव्यावर गेला, तेव्हा त्याने मला हात जोडले.

नारळी पौर्णिमा झाली. खुर्शीद पूर्णगडला निघाला. त्याची बायको हफीजा भाकरीचं गाठोडं घेऊन धक्क्यावर, माझ्या काचेसमोरच उभी होती.

"काय रे धाकू, तळ कसा हाय?" खुर्शीदने विचारलं.

"काटा हिरव्यावर हाय, खुर्शीदभाय. जावा बिनघोर."

मी काचेआड नुसता तडफडत होतो. मला वाचा कुठे आहे?

पूर्णगडच्या अलीकडे तळाचा कुजलेला पत्रा फाटला. दोघे खलाशी पोहत किनाऱ्याला लागले. खुर्शीद सापडलाच नाही.

तेव्हापासून मला कोणी हात लावत नाही. पेटीला वाळवी लागली आहे. तार कुठेच जोडलेली नसताना भरतीच्या वेळी माझा काटा आपोआप हिरव्याकडे सरकतो, आणि धक्क्यावर कोणीतरी तळाची चौकशी करतंय असं मला ऐकू येतं. मला त्याची फार भीती वाटते.

एका दुपारी हफीजा शेडमध्ये आली. धाकू मान वर करेना.

"त्या दिवशी मी काट्याकडंच बघत होते, धाकू," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाकडं बघितलं असतं, तर काय दिसलं असतं?"

"भ्यालो होतो, भाभी. काटा तांबड्यावर गेलेला मी बघितला होता."

ती निघून गेली.

मित्रांनो, यंत्र पुसा, कोरडं ठेवा, त्याचा प्रत्येक भाग कशासाठी आहे ते शिकून घ्या. आणि भीती वाटलीच, तर ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला ती आधी सांगा. धाकूने एवढंच केलं असतं, तर खुर्शीद त्या दिवशी घरी जेवला असता.