धुरावरच्या मोहरीचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना करारनामा आहे. चार पानांचा, कडांना पिवळा पडलेला, कोपऱ्यावर व्हिनेगरचा डाग असलेला. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या एका लहान गावात व्हर्ना स्टोव्हॉलचा हिरव्या टोमॅटोच्या लोणच्याचा कारखाना होता. त्या चवीचं गुपित तिच्या आईचं: मोहरी हिकरीच्या लाकडाच्या धुरावर तीन तास धरायची, मगच लोणच्यात घालायची. हे बाहेर फुटू नये म्हणून वकिलाने मला टाइप केलं.

दहा कामगारांनी माझ्या भावंडांवर न वाचताच सह्या ठोकल्या. माझ्या वाट्याला आला डेल्बर्ट प्रुइट. तो ओठ हलवत वाचतच बसला.

"काय रे, बायबल आहे का ते? कर की सही!" व्हर्ना हसली.

"वाचू तर द्या, मिस व्हर्ना. उद्या माझीच मान अडकायची."

पुढे चौदा वर्षं मी कपाटात होतो. कुणी चवीची चौकशी केली की व्हर्ना कपाटावर थाप मारून म्हणायची, "आमचा राखणदार आत बसलाय!" खोटं कशाला सांगू, मी फुगून गेलो होतो.

मग चर्चचं छप्पर गळू लागलं. बायकांनी ठरवलं, प्रत्येकीने आपला गाजलेला पदार्थ लिहून द्यायचा आणि पुस्तक छापून विकायचं. कारखान्यात कृतीचा कागद न्यायला आलेली त्यांच्यातली पर्ल म्हणाली, "तू काय बाई, मुख्य गोष्ट गाळूनच लिहिणार!"

व्हर्नाला ते झोंबलं. "देवाच्या कामात खोटं लिहू होय?" असं म्हणून तिने सगळं लिहिलं, धुरासकट. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

दोन वर्षांनी डेल्बर्टने काम सोडून स्वतःच्या बरण्या बाजारात आणल्या. चव तीच. दुकानांनी स्वस्त म्हणून त्याचा माल घेतला आणि व्हर्नाचा बंद केला. ती मला छातीशी धरून कोर्टात गेली. तिथे डेल्बर्टच्या वकिलाने चर्चचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि माझंच सहावं कलम वाचलं: कामगाराचा दोष नसताना जे लोकांना कळलं, ते गुपित नव्हे.

न्यायाधीश म्हणाले, "बाई, जो आपलं गुपित जपतो त्यालाच आपल्या राज्याचा कायदा जपतो. तुम्ही तर ते छापून विकलंत."

"पण ते चर्चसाठी होतं हो!"

न्यायाधीशांनी पुस्तक मिटलं आणि दावा फेटाळला. त्याच हिवाळ्यात कारखान्याला कुलूप लागलं, दहा जण घरी बसले. मी कुणाच्याच उपयोगी पडलो नाही. उलट माझ्याच शब्दांनी तिला बुडवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या कागदावर भिस्त ठेवून निर्धास्त राहू नका. आपलं गुपित आधी आपण सांभाळा आणि सही घेण्याआधी मला शेवटपर्यंत वाचा. परवा व्हर्नाने चष्मा लावून मला पहिल्यांदाच वाचायला घेतलं. बोट ओळीखाली सरकवत ती सहाव्या कलमाशी आली, आणि ते बोट तिथून पुढे गेलंच नाही.