निम्मा तालुका अनभिज्ञ

कमळबाई आयुष्यात दुसऱ्यांदा दाजी अर्जनवीसांच्या बाकड्यावर बसली होती, आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं : वडपे गावातली बापाची जमीन. पहिल्यांदा चौऱ्यांशी साली आली ती जमीन भावाला सोडून द्यायला. आता शहाण्णव साली तिचा मुलगा यादव तिला घेऊन आला होता, त्याच जमिनीतला हिस्सा मागायला.

भिवंडीच्या कचेरीबाहेर दाजींचं सगळं होतं तसंच होतं. तेच पत्र्याचं छप्पर, तोच टाइपरायटर, मागच्या गल्लीतल्या लूमची तीच खटखट. केस तेवढे पांढरे झाले होते. आणि कागद वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, ही खोडही गेली नव्हती. माणूस घाईत असो की ठार बहिरा असो, दाजी वाचणार, तेही दोनदा. यादवला हे माहीत नव्हतं. आईला वाचता येत नाही, ठसा उठवला की अर्ध्या तासात मोकळे, अशा समजुतीत तो होता.

दाजी वाचू लागले, "सदर हक्कसोडपत्रावर अंगठा करतेवेळी मी त्यातील मजकुराबाबत पूर्णपणे अनभिज्ञ होते. माझा भाऊ बाळाराम याने मला फसवून..."

"थांबा," कमळबाई म्हणाली. "त्यो कोंचा शब्द?"

"अनभिज्ञ." दाजींनी चष्मा वर सरकवला. "हल्ली फार चालतो. तुमच्याकडे गोदामं यायला लागल्यापासून रोज टाइप करतोय. निम्मा तालुका अनभिज्ञ झालाय."

आपल्या अर्जाची वाट बघत एक लूमवाला शेजारी बसला होता. "बेखबर, अम्मा," तो म्हणाला. "मतलब, आपको पता नहीं था."

"म्हंजे अडानी?"

"छे छे!" शब्दाचा हा अपमान दाजींना सहन होईना. "अडाणी वेगळा. अडाण्याला सांगूनही कळत नाही. अनभिज्ञ म्हणजे ज्याला कळलं असतं, पण खबरच त्याच्यापर्यंत पोचली नाही."

 कमळबाईला चौऱ्यांशी साल आठवलं.

बाप गेला होता. बहिणीने हक्क सोडायचा आणि भावाने साडीचोळी करायची, हा रिवाज पंचक्रोशीत शेंबड्या पोराला पाठ. तरी बाळाराम अंबाडीला तिच्या सासरी आला तो दोन दिवस नुसता बसून राहिला. बैलाबद्दल बोलला, भाताबद्दल बोलला, कपावर कप चहा ढोसला, पण मुद्द्यावर येईना. मानी माणूस, बहिणीकडे मागायचं कसं? तिसऱ्या दिवशी तिनंच भाकरी वाढता वाढता विचारलं, "अंगठा द्याया कवा येऊ, दादा?" तो खाली मान घालून इतका वेळ भाकरी चिवडत बसला की तिला हसू फुटलं.

मग भिवंडी. ह्याच बाकड्यावर दाजींनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "समजलं का बाई? पुन्हा हिस्सा मागता यायचा नाही." ती म्हणाली, "समजलं." काम झाल्यावर बाळारामने तिला बाजारात नेलं. तो म्हणे हिरवी घे, तिला हवी जांभळी. दुकानदार साड्या पसरून दमला तरी भावाबहिणीचं जमेना. शेवटी जांभळीच घेतली. बस लागेपर्यंत दोघांनी गरम भजी खाल्ली आणि लहानपणासारखी शेवटच्या भज्यावरून भांडली. इतका सुखाचा दिवस तिच्या वाट्याला नंतर फारसा आला नाही. जमीन गेली असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. उलट माहेर पक्कं झालं, असंच वाटलं होतं.

आणि मग गेल्या दिवाळीची भाऊबीज. ओवाळणीचं सामान घेऊन ती वडप्याला उतरली, तर शेताच्या जागी गोदामाची पुरुषभर भिंत, लोखंडी फाटक आणि आत ट्रक. वॉचमनने विचारलं, "किससे मिलना है?" बापाच्या शेतात हे विचारलं! बाळारामने ओवाळून घेतलं, पण डोळे वर केले नाहीत.  त्यानंतर तिने वडप्याचं नाव काढलं नव्हतं.

"आई, उठव ना अंगठा," यादव म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. लूमवर डबल ड्युटी करून त्याचे डोळे खोल गेले होते आणि मामाच्या दारात मोटार उभी होती. पण एकदा हा अर्ज गेला की भाऊ कोर्टात उभा राहणार आणि माहेर कायमचं तुटणार, एवढं कळायला कमळबाईला शिक्षण लागत नव्हतं.

"न्हाय," ती म्हणाली. "ह्ये खोटं हाय. दाजी, तुमीच वाचून दावलं व्हतं ना?"

"त्यानंतर हजारो कागद वाचले, बाई."

"पन दावलं व्हतं."

"दाखवलं होतं," दाजी टाइपरायटरकडे बघत म्हणाले.

"मंग त्यो शब्द तितं नको. फुडं घ्या. लिवा, अंगठा दिला तवा मना समदं ठावं व्हतं. दादानं जमीन इकली तवा मी... काय त्यो?"

"अनभिज्ञ होते."

"हां. तितं लावा."

दाजींनी डोकं खाजवलं. "अशा अर्जाचं कचेरी काही करू शकत नाही. जमीन त्याची, विकली त्याने. बहिणीला सांगायलाच हवं असा काही कायदा नाही."

"कचेरीला कोन देतंय? दादाला द्यायचा हाय."

यादव तणतणत उठला आणि छपराबाहेर जाऊन उभा राहिला. दाजींनी नवा कागद चढवला, दोन ओळी टाइप केल्या आणि नेमाप्रमाणे दोनदा वाचल्या. मग तिने अंगठा उठवला.

तिथून ती थेट वडप्याला गेली. यादव निमूट मागे. बाळाराम नव्या स्लॅबच्या घराच्या ओट्यावर बसला होता. बहिणीला पाहून तो गडबडला, काही तरी बोलणार होता, पण तिने कागदच पुढे केला. चौथीपर्यंत शिकलेला तो माणूस दुसऱ्या ओळीवर अडला. बोट ठेवून त्याने भाच्याकडे पाहिलं.

"म्हंजे..." यादवचा आवाज पडला. "म्हंजे तिला कुनी सांगितलं न्हाय, मामा."

बाळारामने कागद मांडीवर ठेवला.

"तोंड व्हतं का मना सांगाया?" बाळाराम म्हणाला. "म्हटलं, कमळ आली तर हिस्सा मागंल."

"मागनारच व्हते."

यादवने चमकून आईकडे पाहिलं.

"सांगितलं असतंस तर फाटक लागायच्या आदल्या दिशी आले असते. बापाच्या समद्या बांधांवरून एकदा चालले असते. तेवडाच माजा हिस्सा व्हता, दादा. त्यो कुनाला इकलास?"

बाळाराम तोंडावर हात घेऊन रडू लागला. कमळबाईने त्याला रडू दिलं. ती त्याची समजूत काढायला आली नव्हती. पण उठून गेलीही नाही.